म्हस्कूचं ओलं पागोटं

वरकुट्याच्या म्हस्कूला कुणी बागायतदार म्हणून हाक मारली, की तो मागं वळून बघायचा, आपल्या पाठीशी कोण उभं आहे ते. हयात मेंढरांमागं गेलेली. त्र्याण्णव साली रानात पाईपलाईन आली, तसा त्यानं कळप विकला आणि डाळिंब लावलं. एक मेंढा तेवढा ठेवला, वजीर. वजीर दारात आहे तोवर आपण धनगर, असं त्याचं म्हणणं.

माणूस लाखात एक, पण खोड वाईट. तहानलेलं काही त्याला बघवायचं नाही. कळप विकल्यावर, बाग लावायच्या आधी, तो थोडे दिवस वालचंदनगरला एका साहेबाच्या क्वार्टरवर माळी होता. बाईसाहेबांनी हौसेनं कुंड्यांत निवडुंग जमवलेले. "पाण्यावाचून पानांचं काटं झालं गरिबांच्या," म्हणत यानं रोज कळशी रिकामी केली. निवडुंग भिजल्या पावासारखे बसले आणि म्हस्कू घरी आला.

मी तेव्हा गावोगाव पाण्याच्या सभा घेत हिंडायचो. मी त्याला भर चौकात झापला. "आरं, त्यो अंगात पाणी साठवून बसतो. पानांतनं पाणी उडून जाईल म्हणून त्यानं काटं केल्यात. तुझ्यापेक्षा हुशार हाय त्यो!"

"हुशार असंल आबा, पर त्वांड सुकलं व्हतं त्याचं."

निवडुंगाचं तोंड कुठल्या बाजूला असतं, हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

डाळिंबाचं तर त्याहून अवघड. पावसाळ्याच्या तोंडाला फुलं हवी असतील, तर ऐन उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडायचं. याला ताण देणं म्हणतात. झाड पानं गाळतं, मेल्यासारखं उभं राहतं, आणि मृगात पाणी मिळालं की पेटून उठल्यासारखं फुलतं. बारा महिने पाणी पाजलंत, तर ते पानांतच लोळत बसतं. पोराबाळांची आठवण त्याला अडचणीतच होते.

हे सगळं म्हस्कूला रोपं देणाऱ्या झुंबरनं बजावून सांगितलं होतं. झुंबर शेजारचा माळी, हाताला गुण, जिभेला मिरची. पण पहिल्याच बहाराला म्हस्कूची मोटार उन्हाळाभर चालू. बाग हिरवीगार झाली, फूल औषधाला नाही.

"म्हस्कू, मेथी लय उंच आली रं!" झुंबर चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत म्हणाला.

"फुढल्या साली बघ."

"बघतो की. फुलली न्हाय तर वजीर माझा."

"आन् फुलली तर?"

"तर त्याला कोकरागत खांद्यावर घिऊन बारामतीच्या फळप्रदर्शनात मिरवतो!"

म्हस्कूनं हातावर हात मारला. घरी बायकोला सांगितलं. बायकोचं नाव नकोशी, पण त्या घरात तिच्याशिवाय चूल पेटत नाही.

"माझा मेंढा लावला पैजंला? सोताला का न्हाय लावलं?"

"झुंबर घ्याया तयार न्हाय."

पुढच्या उन्हाळ्यात नकोशीनं मोटारीचा फ्यूज काढून कमरेला खोचला. बादल्या, कळशा सगळं माळ्यावर टाकलं. म्हस्कू रडवेला होऊन माझ्याकडं आला.

"आबा, पानं पिवळी पडली. झाडं माझ्याकडं बघत्यात."

"बघू दे."

"तहानलेलं जनावर मागं सोडून आमी कदी मुक्काम हलवला न्हाय."

माझं डोकं तापलं. "जनावराला पाय हायत, ते पाण्याकडं जातं. झाडाला न्हायत, म्हणून त्यानं दुसऱ्या कळा शिकल्यात. बोर उन्हाळ्यात पानं झाडून मोकळी हुती. हिवराची मुळी खाली पाणी हुडकीत जाती. त्यातल्या कुणी तुझ्याकडं अर्ज केला व्हता का?"

"न्हाय," म्हणाला. मान डोलावली आणि गेला.

तरी विहिरीजवळच्या दोन ओळी हिरव्या त्या हिरव्याच. सगळी बाग झडलेली आणि ह्या दोन लग्नाला निघाल्यासारख्या. नकोशी भर दुपारी बांधाआड बसली. बघते तर म्हस्कू विहिरीत उतरला, पागोटं बुडवलं, वर आला आणि झाडाच्या बुडाशी पिळलं. परत उतरला.

"काय चाललंय?"

"डोकं तापलं गं. पागोटं भिजावलं."

"मग डोक्यावर पिळा की!"

तिनं वजिराला आणून बागेच्या तोंडाशी राखणीला बांधलं. कुणी जवळ गेलं की वजीर ढुशी द्यायचा, धनी असो की चोर. म्हस्कूनं दोन खाल्ल्या आणि विहिरीचा नाद सोडला. पण वैशाखात सगळ्या शिवारात हिरवं म्हणून त्या दोनच ओळी उरलेल्या, आणि त्या मेंढ्याच्या नाकासमोर. एका दुपारी माणसं जेवून लवंडली. वजिरानं दावं तोडलं आणि मागच्या पायांवर उभं राहून दोन्ही ओळी शेंड्यापर्यंत साफ केल्या.

म्हस्कू बांधावर मटकन बसला. "ह्याच्यासाठी बाग जपली, आन् ह्यानंच खाल्ली! आता हितं पाऊल टाकणार न्हाय."

आणि खरंच टाकलं नाही. बागेला नेमकं तेवढंच हवं होतं.

मृग लागला, नकोशीनं फ्यूज घातला. पाणी फिरल्यावर काड्यांना कोंब आले आणि हा हा म्हणता बाग लालभडक झाली. मेंढ्यानं बोडक्या केलेल्या ओळी जरा उशिरा, पण त्याही. नकोशीनं नवऱ्याला दंडाला धरून आणला. तो फुलांकडनं सरळ वजिराकडं वळला.

"तुला ठावं व्हतं व्हय रं?"

वजीर त्याच्या पागोट्याचा शेमला चघळत होता.

प्रदर्शनाच्या दिवशी झुंबर शब्दाला जागला. कोकराची गोष्ट वेगळी. हा पुरा वाढलेला शिंगाळ मेंढा. बारामतीच्या एसटी स्टँडापासून मांडवापर्यंत झुंबर वाकून चालला, मागं पोरांची वरात. वाटेत वजिरानं त्याची टोपी अर्धी खाल्ली. मांडवात पोचल्यावर झुंबर डाळिंबांच्या टेबलाखालीच आडवा झाला.

म्हस्कू तांब्याभर पाणी घेऊन धावत आला आणि वजिरापुढं धरला.

"आरं, मला दे की!" झुंबर कण्हला.

म्हस्कूनं तांब्या मागं घेतला. उन्हाळाभर माझ्या आणि नकोशीच्या शिव्या खाऊन माणूस शिकला होता.

"थोडा ताण बसू द्या, झुंबरराव. मग बघा कसं फुलताय!"