निर्वात डब्यातलं खोबरं

नव्वदच्या दशकात आमच्या शेठनं भेस्तानच्या शेडमध्ये परदेशातलं जुनं इलेक्ट्रॉन बीम मशीन आणून ठेवलं. मी बमरोलीचा लूम, म्हणजे कापडाचा यंत्रमाग, सोडून त्या मशीनपुढे उभा राहिलो. शेठ म्हणाले, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिलला नमुन्याची चकती गेली तर तू ऑपरेटर. नहीं तो पाछो लूम पर."

चकती म्हणजे शेवेच्या सोऱ्यातली जाळीच, पण पॉलिएस्टरच्या धाग्याची. भोकं केसाहून बारीक. ड्रिलची टोकं तिथे मोडून पडायची. या मशीनला टोकच नाही. वर एक तार तापून पांढरीफटक होते, तिच्यातून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांना प्रचंड व्होल्टेज खाली पिटाळतं, चुंबकाचं भिंग त्यांना एका टिंबात गोळा करतं आणि त्या टिंबाखालचं पोलाद वितळून, वाफ होऊन उडतं. अट एवढीच, की हे सगळं चालतं त्या मशीनच्या डब्यात हवा नको. हवेला धडकले की इलेक्ट्रॉन जत्रेतल्या वऱ्हाडासारखे पांगतात. म्हणून आधी पंप हवा ओढून घेतो. आमचा पंप असा ओढायचा की भेस्तानची कुत्री शेडची भिंत टाळून पलीकडच्या कडेनं जायची.

दसऱ्याला शेठनं स्वतः मशीनची पूजा केली, नारळ फोडला आणि डब्याचं दारही स्वतःच लावलं. दुसऱ्या सकाळी मी चकती बसवून पंप लावला. हवेच्या दाबाचा काटा उतरत उतरत आला आणि मध्येच अडकला. रुसलेल्या जावयासारखा, हलेना. मी दाराचं रबर पुसलं, नळ्या आवळल्या, तेल बदललं, मशीनला अशा शिव्या घातल्या की रंग उडाला असावा. काटा तिथेच.

"मशीनने नजर लागी छे," म्हणत शेठनं लिंबू-मिरची टांगली.

मदतीला आलेला माझा मेव्हणा गालात हसत अहिराणीत म्हणाला, "दाजी, आते लूमच बरा. तो तुमनी वाट देखी ऱ्हायना."

दुपार कलली. मिलचा माणूस चकती न्यायला येऊन बाकावर बसला. संतापून मी दार उघडलं आणि डब्यातल्या टेबलामागे कोपरापर्यंत हात घातला. हाताला लागला ओल्या खोबऱ्याचा तुकडा. मशीन ओढत होतं हवा, खोबरं सोडत होतं पाण्याची वाफ. समुद्र आटवायला बसलो होतो मी.

"हात नको लावू," शेठ गरजले. "माताजीचा वाटा आहे. काढला तर अपशकुन."

लूमचा खडखडाट मला तिथूनच ऐकू यायला लागला. मी तुकडा दोन्ही हातांवर घेतला आणि त्यांच्या तोंडापुढे धरला. "शेठ, काढत नाही. प्रसाद आहे, घ्या. मिलच्या साहेबांसमोर नाही म्हणणार?"

शेठनं तो चामड्यासारखा चिवट तुकडा माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत चावला. पंप लावला, काटा सरसर उतरला, बीम पेटला. चकती उन्हात धरली तर टाचणीच्या टोकाएवढं आभाळ ओळीनं चमकलं. मी ऑपरेटर झालो.

शेठ मिलवाल्याला सांगत होते, "जोयुं? बघितलंत? माताजीनो प्रसाद."

पुढच्या दसऱ्याला त्यांनी डब्यात अख्खा नारळ ठेवला.