जास्त आलेली मतं

माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवं होतं आणि वैशालीताई कठड्यापलीकडून ओरडत होती, "निकाल वाचू नका! आधी तपासा!"

मला वाटलं, आता ही हरली म्हणून गोंधळ घालणार. मग पडद्यावर पाहिलं. बाई जिंकत होती!

डब्लिनच्या पश्चिमेला एका स्पोर्ट्स हॉलमध्ये कौन्सिलच्या निवडणुकीची मोजणी चालली होती. कौन्सिल आमच्या कंपनीचं क्लायंट, आणि कंपनीतर्फे मी तिथे सिस्टिम सपोर्टला होतो. आयर्लंडमध्ये मतं अजून हातानेच मोजतात. आमचं सॉफ्टवेअर फक्त बेरजा करतं, त्या जुळल्या की हिरवं होतं आणि आकडे पडद्यावर दाखवतं. थोडक्यात, मोठ्या पगाराचा कारकून.

वैशालीताई ॲडम्सटाउनला राहते, मूळची नागपूरची. औषधाच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. इथे कौन्सिलच्या निवडणुकीला नागरिकत्व लागत नाही. राहत असलात की मत देता येतं, उभंही राहता येतं. ही उभी राहिली. मागे पक्ष नाही, कुणी पुढारी नाही. ॲडम्सटाउनमध्ये घरं धडाधड उभी राहिली, पण शाळा सुटल्यावर पोरांनी जायचं कुठे, एवढाच तिचा मुद्दा. नोकरी सांभाळून दारोदार फिरली. हाडाची चिवट बाई.

इथली मोजणी जरा वेगळी. मतपत्रिकेवर तुम्ही पसंतीचे आकडे लिहिता: हा एक नंबर, ती दोन नंबर, तो तीन. सगळ्यात मागचा उमेदवार बाद होतो, पण त्याची मतं फुकट जात नाहीत. प्रत्येक पत्रिका तिच्यावरच्या पुढच्या पसंतीला मिळते. मोजणारे त्या पत्रिका नावाप्रमाणे लावतात, पन्नासाचं बंडल बांधतात आणि उमेदवाराच्या खणात ठेवतात. मग पुढची फेरी.

शेवटच्या एका जागेसाठी दोघी उरल्या होत्या. वैशालीताई आणि नुआला, तिथली जुनी नगरसेविका. शेवटच्या बाद उमेदवाराची मतं वाटली आणि वैशालीताई बासष्ट मतांनी पुढे गेली. नुआलाच्या माणसांनी मान हलवली. फेरतपासणीत दोन-चार मतं इकडची तिकडे होतात, साठ कुठून होणार? नुआलानं स्वतः येऊन ताईला मिठी मारली. मागे ताईची आई उभी होती, लेकीची निवडणूक बघायला नागपूरहून आलेली. तिनं डोळ्याला पदर लावला. मीही आत कुठेतरी उड्या मारत होतो, पण मी कॉन्ट्रॅक्टर. चेहरा दगडासारखा ठेवायचा.

आणि नेमकं तेव्हा हे ओरडणं.

मेव्ह, म्हणजे रिटर्निंग ऑफिसर, निकाल जाहीर करणारी मुख्य अधिकारी, मला म्हणाली, "मंदार, सिस्टिम काय म्हणते?"

"सगळं जुळतंय."

"जुळणारच!" ताई म्हणाली. "एकीचं बंडल दुसरीच्या खणात पडलं तर एकूण बेरीज कशी बदलेल?"

बदलत नाही. सॉफ्टवेअर मीच लिहिलंय, मला माहीत नसेल तर कुणाला?

मग मराठीत सुरू झालो. "ताई, डोक्यावर पडलीस का? तुला शंका तरी कशावरून आली?"

इथे उमेदवार आणि त्यांची माणसं कठड्याला टेकून उभी असतात. समोर पत्रिका लावल्या जातात, तशी ती माणसं कागदावर एका मताला एक रेघ ओढतात. ताई ती फेरी पूर्ण वेळ बघत होती. "माझ्या रेघांपेक्षा बरीच जास्त मतं आलीत," ती म्हणाली.

"अगं, जास्त आलीत ना! कमी आली असती तर बोंबलायचं."

"आमच्याकडे बॅचमध्ये गोळ्या कमी निघाल्या तरी बॅच थांबते, आणि जास्त निघाल्या तरी थांबते. जास्त म्हणजे आनंद नाही, मंदार. जास्त म्हणजे दुसऱ्याचं काहीतरी आपल्यात मिसळलंय."

आईला इंग्रजी कळलं नव्हतं, पण हे कळलं. "काहून वं पोरी? जिंकली ना तू! गप राह्य ना!"

"आई, जिंकले असेन तर तपासूनही जिंकेन."

मेव्हनं तिला विचारलं, "तुम्ही पुढे आहात, हे लक्षात आहे ना?"

"आहे."

"ग्रँड," मेव्ह म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे', आणि तिनं निकाल थांबवला.

सगळ्यांसमोर बंडलं सोडली. ताईच्या खणातल्या एका बंडलात सगळ्याच्या सगळ्या पत्रिका नुआलाच्या निघाल्या. पन्नास हिच्यातून गेली, पन्नास तिच्यात आली. बासष्टानं पुढे असलेली ताई अडतिसानं मागे गेली. संपलं! ज्या बाईनं ते बंडल ठेवलं होतं तिला रडू फुटलं. ताई तिच्यापाशी गेली, म्हणाली, "यू आर ग्रँड. आमच्या प्लांटमध्येही होतं." नवे आकडे मी टाकले. स्क्रीन पुन्हा हिरवी झाली, मघाइतकीच. त्या हिरव्या रंगाची मला शिसारी आली.

खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरून आले होते. राग होता, आणि अभिमान तर इतका, की काय सांगू! नुआला माइकवर दोनच वाक्यं बोलली. "या खुर्चीत आज मला माझ्या प्रतिस्पर्धी उमेदवारानं बसवलं. ॲडम्सटाउनच्या मुलांच्या जागेचा प्रस्ताव पहिल्याच बैठकीत मी मांडेन, आणि तो लिहायला वैशालीला बोलावेन." हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. आईनं लेकीशी बोलणं टाकलं होतं. गाडीपाशी पोचल्यावर मात्र म्हणाली, "सकाळपासून जेवली का तू?"

सोमवारी माझा बॉस फर्गल रिपोर्टचा फॉर्म घेऊन आला. एक प्रश्न होता: सिस्टिमला मोजणीत काही चूक आढळली का?

मी लिहिलं, "नाही. चूक हरलेल्या उमेदवाराला आढळली."

"हे दुसरं वाक्य काढ," फर्गल म्हणाला. "क्लायंट वाचणार आहे."

"क्लायंट तिथेच होता," मी म्हटलं. "पहिलं काढायचं असेल तर काढ."