सुनंदाताईंसाठी टाकलेला शब्द

हे मी घरातही कधी बोललेलो नाही. बायकोला वाटतं, मी फार सरळ माणूस आहे. वाटू दे — असंच म्हणत आलो.

रत्नागिरीजवळच्या एका आमरसाच्या कारखान्यात मी ऑफिस मॅनेजर आहे. सुनंदाताई लांज्याकडच्या. आंबे निवडायच्या टेबलावर कामाला लागल्या आणि तिथल्याच मुकादम झाल्या. क्रेटवर नुसत्या वाकल्या, की कुठला आंबा आज घ्यायचा आणि कुठला अजून दोन दिवस गवतात ठेवायचा, ते सांगायच्या. एकदा मी पास केलेला माल त्यांनी सर्वांदेखत थांबवला — आंबूस वास येतोय म्हणाल्या. येतच होता. पण लोक हसले, आणि ते हसणं माझ्या डोक्यातून गेलं नाही.

पुढे उत्पादन प्रमुखाची जागा रिकामी झाली. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, सुनंदालाच वर घ्यायचं, की बाहेरून माणूस आणायचा?

मी काय बोललो असेन?

म्हणालो, "बाहेरचाच बघा. तिला कॉम्प्युटर जमायचा नाही."

आणि तिला कॉम्प्युटर शिकवला होता कोणी? मीच. सुटी झाल्यावर, माझ्याच टेबलावर, वर्षभर. रोजचा रिपोर्ट त्या माझ्यापेक्षा नीट बनवायच्या. मालकांना हे ठाऊक नव्हतं — मला होतं.

पुण्याहून माणूस आला. स्वभावाने चांगला, पण आंब्यातलं त्याला काही कळेना. मग त्याला शिकवायचं कोणी? सुनंदाताईंनी. आणि त्यांनी शिकवलं, मन लावून! मी त्यांना म्हणालो, तुमच्यासाठी मी खूप भांडलो हो, पण मालक ऐकेनात. एवढं तरी कशाला बोलायचं होतं मी?

"तुमी माज्यासाठी बोललाव ना," त्या म्हणाल्या, "मना तेवढा पुरे."

तेव्हापासून दरवर्षी त्यांच्याकडून फणसपोळी येते. आम्ही खातो.

गेल्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या वेळी माईक धरून, घाबरत घाबरत, त्यांनी एकच नाव घेतलं — माझं. साहेब माझ्यासाठी मालकांशी भांडले म्हणून. मालक पहिल्याच खुर्चीत होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग खाली बघितलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून हात जोडले.