सरांनी संपू न दिलेला हंगाम

श्री. नामदेवराव कातकडे सरांची आणि माझी पहिली गाठ पडली, त्या दिवशी सर मला मुळीच आवडले नाहीत. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मलाही कळतं. पण खरं ते आधी सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं कौतुक कुणाला उसनं वाटणार नाही. गंगाखेड रस्त्यावरच्या आमच्या शाळेत मी लिपिक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. टेबल पुसून शिक्का, शाईचं पॅड, पंचिंग मशीन, टाचण्यांची डबी सगळं ओळीनं मांडलं होतं. सर आले, समोर खुर्ची असून बसले नाहीत, आणि बोलता बोलता त्यांनी माझा सगळा संसार हलवला. "हा शिक्का म्हणजे होम. हे पॅड पहिला बेस, ही मशीन दुसरा, हा डिंक तिसरा. मधी ही डबी, म्हणजे पिचर, चेंडू टाकणारी. पाठकबाबू, सॉफ्टबॉल एवढाच हाय." एवढं सांगून ते निघून गेले आणि मी टाचण्या वेचत बसलो.

सरांना बसलेलं पाहिलेला माणूस आमच्या शाळेत सापडणार नाही. सामना सुरू झाला की ते रेषेबाहेरून येरझारा घालतात. आमच्या मैदानाच्या कडेला त्यांच्या चालण्यानं गवत उगवत नाही. पोरी त्या पट्ट्याला 'सरांची वाट' म्हणतात. मैदान म्हणजे काळी माती. पाऊस झाला की बुटाला दोन-दोन किलो चिखल, ऊन पडलं की भेगा, आणि भेगेत चेंडू पडला की तो कुठं उसळेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तिसऱ्या बेसच्या मागं ऊस. उसात गेलेला चेंडू शोधायला अख्खा संघ जायचा आणि येताना प्रत्येकीच्या हातात एक कांडं असायचं. बेस म्हणजे भुसा भरून शिवलेली सिमेंटची पोती. अशा मैदानावर सरांनी वीस-बावीस वर्षं मुलींचे संघ उभे केले.

सरांचं दुसरं काम मैदानाबाहेरचं. आमची शाळा पहिलीपासूनची. जून उजाडला की सर सायकल काढायचे आणि शेताशेतांत बसलेल्या मेंढरांच्या वाड्यांवर जाऊन पोरं शाळेत आणायचे. जन्माचा दाखला कुणाकडेच नसायचा. मग सर आईबापांशी बोलून वय ताडायचे आणि तारीख टाकायचे एक जून. आमच्या भागात एक जूनला जन्मलेली माणसं एकत्र केली तर जत्रा भरेल. खुद्द सरांची सरकारी जन्मतारीखही तीच आहे, तेव्हा या ग्रंथाचं निमित्त असलेली ही साठीदेखील कागदोपत्रीच धरावी. तर या एक जूनवरच सगळं पुढे अडलं.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. सतरा वर्षांखालच्या मुलींच्या संघात शीतल नावाची पिचर होती. खंडूआबांची मुलगी, मेंढरं राखणारं घर. मेंढरू वळवायला ही खडा फेकायची तो खालून; वरून फेकलेला लागतो, खालून फेकलेला नुसता भिववतो, असं तिचं म्हणणं. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालूनच टाकायचा असतो, त्यामुळे सरांना तिला फारसं शिकवावं लागलं नाही. मधली दोन वर्षं ती कळपाबरोबर गेली होती. सरांनी मागं लागून परत आणली, तेव्हा कुठं ती दहावीपर्यंत पोचली. पण खंडूआबांनी अट घातली होती. "खेळ हाय तवर ऱ्हाऊ द्या तिला आत्याकडं. खेळ संपला की आमच्या संगं. दिवाळीनंतर मेंढरं गोदाकाठानं खाली जात्यात, मानूस लागतंय."

म्हणजे दहावीची परीक्षा खेळावर टांगलेली. जिल्हा जिंकला तर विभाग, विभाग जिंकला तर राज्य, आणि राज्यस्तर गाठला की परीक्षा हाकेच्या अंतरावर. कुठंही हरली की शीतलची शाळा तिथंच संपणार. हे मला, सरांना आणि संघातल्या प्रत्येक पोरीला ठाऊक होतं. त्या साली कुणाच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती.

पहिला सामना सहज गेला. दुसऱ्यात पहिल्याच इनिंगला सहा धावा बसल्या. रात्री पाऊस झालेला, चेंडू ओला, शीतलच्या हातातून सुटायला लागला. सरांच्या येरझारा इतक्या वाढल्या की पंचांनी त्यांना दोनदा हटकलं. मग बॅटच्या मागं बसून चेंडू झेलणारी कॅचर, आमची कॅप्टन फरहीन, उठून तिच्याजवळ गेली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडली, "अगे, बकरे हाँकते वैसा डाल ना!" त्यानंतर समोरच्यांची एक धाव झाली नाही. अंतिम सामना आम्ही एका धावेनं जिंकला. जिंकला असं नंतर कळलं. शेवटच्या चेंडूला मी पेढे आणायचं निमित्त काढून बाहेर पळालो होतो.

विभागासाठी प्रत्येक खेळाडूचा जनरल रजिस्टरमधला उतारा लागतो. तो लिहायला बसलो आणि शीतलच्या नोंदीपाशी माझा हात थांबला. कागदाप्रमाणे ती वयोमर्यादेच्या सात महिने पुढं गेली होती. जिल्ह्याच्या अर्जाला मी मागच्या वर्षीची यादी समोर ठेवून नावं उतरवली होती. वर्ष सरलं की पोरीचं वयही सरकतं, एवढं कारकुनाला कळू नये? ही चूक माझी. आणि मूळ नोंद सरांच्या हातची. खंडूआबांच्या सांगण्याप्रमाणे शीतल संक्रांतीनंतर जन्मलेली. पण शाळेत घालायची त्या जूनला सहा पुरी दाखवल्याशिवाय पहिलीत घेता येत नव्हतं, म्हणून सरांनी आधीचा एक जून टाकलेला. खऱ्या वयानं पोरगी गटात बसत होती, कागदाच्या वयानं बसत नव्हती. आणि खरं वय सिद्ध करायला कागद कुठला? जन्म कुणाच्या तरी शेतात, वाडा बसलेला असताना.

मी सरांना बोलावलं, दार लोटलं आणि म्हटलं, "सर, वर्षाच्या अंकात एक खोड आणि अक्षरात एक शब्द. खोटं काहीच नाही, उलट वर्ष खरं होईल." माझी स्वतःची चूकही त्याबरोबर झाकली जाणार होती, हे मी बोललो नाही, सरांना ते कळलं असावं.

सरांनी ती नोंद बोट ठेवून वाचली. मग म्हणाले, "पाठकबाबू, एकदा मी माझ्या मनानं तिची तारीख लिहिली. आता पुन्हा माझ्याच मनानं बदलू का?"

"तेव्हा तुम्ही तिच्या भल्यासाठी लिहिली होती."

"आन् आता?"

"आताही तिच्याच."

"म्हणूनच भीती वाटायलीय," सर म्हणाले.

त्याच दुपारी सरांनी क्रीडा कार्यालयाला पत्र दिलं. टंकलेखन मीच केलं. जन्मतारखेची नोंद आणि खेळाडूंची यादी या दोन्ही बाबतींत चूक आपली एकट्याची आहे, असं त्यांनी लिहायला लावलं. यादी माझी होती. "सर, हे चूक आहे," मी म्हणालो. "टाईप करा," सर म्हणाले. पुढं खुलासा मागितला गेला तो सरांकडे, ताशेरा गेला तो सरांच्या सेवापुस्तकात. माझ्या नोकरीला ओरखडाही उठला नाही. आज स्वतः निवृत्तीच्या उंबऱ्यावर असताना हे छापून टाकतो आहे, कारण सर हे कधीच कुणाला सांगणार नाहीत.

विजेतेपद रद्द झालं, उपविजेता संघ विभागाला जाणार असं ठरलं. सरांनी पोरींना मैदानात गोल बसवून सगळं सांगितलं. स्वतः उभेच. फरहीननं खाली बघत म्हटलं, "सर, हारलो असतो तर बरं होतं की." शीतलनं ग्लोव्ह काढला, पोत्यावर ठेवला आणि घरी गेली. सरांवर मी इतका कधीच चिडलो नव्हतो. मूल्यं, मूल्यं म्हणतात ती असली कसली, जी एका पोरीच्या मानेवर पाय देऊन उभी राहतात? मी चार दिवस सरांशी बोललो नाही.

पाचव्या दिवशी खंडूआबा आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. ऑफिसच्या दारातच उभे राहिले. "मास्तर, खेळ संपला म्हनत्यात."

सर खिडकीपाशी होते. वळून म्हणाले, "न्हाई. चालू हाय."

"कवर?"

"मार्चपर्यंत."

खंडूआबांनी एकदा सरांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. ते "बरं" म्हणून गेले.

मी दार लावून घेतलं. "सर! कागदावरचा एक आकडा चालत नाही तुम्हाला, आणि हे तोंडावर धडधडीत?"

सर पहिल्यांदाच ओशाळलेले दिसले. "तोंडातून निघून गेलं खरं. आता खोटं पडू नये म्हणून चालू ठेवावा लागंल."

आणि त्यांनी तो चालू ठेवला! संध्याकाळीच सर शीतलच्या आत्याकडे गेले, तिचा ग्लोव्ह घेऊन. काय बोलले माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी ती आली. आठवड्याला एक सामना, असा नेम. पहिला सामना कुणाशी? आमच्या जागी विभागाला निघालेल्या उपविजेत्या संघाशी. शीतलचा चेंडू खेळलात तर पुढं कुणाचाच अवघड जाणार नाही, असं सरांनी त्यांच्या सरांना कळवलं होतं. आमच्या पोरी धुमसत होत्या. शीतलनं पहिल्या पाच जणींना एकामागून एक बाद केलं आणि मग सहावीला, म्हणजे त्यांच्या पिचरला, चेंडू पकडायची बोटं कशी ठेवतात ते स्वतःहून दाखवलं. राग कुणावर काढावा तेच कळेना.

मग पोखर्णीला गेलो. तिथल्या क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी "मुलींशी काय खेळायचं" म्हणत खेळायला घेतलं आणि तीन इनिंगनंतर उन्हाचं कारण काढून सामना सोडला. एसटीनं चारठाण्याला गेलो. तिथल्या मुलींनी सॉफ्टबॉल पाहिलाच नव्हता. सरांनी तासभर नियम शिकवले आणि त्यांनीच आम्हाला दोन धावांनी हरवलं. परतीच्या गाडीत फरहीन सरांशी बोलायला तयार नव्हती. बचत गटाच्या बायका साड्या खोचून खेळल्या. शिक्षकांच्या संघातून मीही उतरलो, चेंडू कपाळावर घेतला आणि धाव वाचवली, असं माझं म्हणणं. पंचांचं वेगळं होतं. कधी लागोपाठ तीन जिंकायचो, कधी कुणाकडूनही मार खायचो. ना चषक, ना प्रमाणपत्र. पण दर शनिवारी आत्याच्या दारावरून खंडूआबांना निरोप जायचा, सामना आहे. आणि रोज खेळ सुटला की शीतल माझ्या टेबलाशी बीजगणित घेऊन बसायची. मी एक उदाहरण शिकवायचो, ती दोन चुकवायची.

जानेवारीत मेंढरांत रोग शिरला, माणसं कमी पडायला लागली. खंडूआबांनी निरोप धाडला, पोरीला पाठवा. सर तिच्या जागी स्वतः गोदाकाठी वाडा शोधत गेले आणि तीन दिवस मेंढरांना औषध पाजून आले. त्या शनिवारचा सामना सरांविना झाला. पोरी सारख्या रिकाम्या वाटेकडे बघत राहिल्या आणि हरल्या.

परीक्षेचा शेवटचा पेपर सुटला तेव्हा खंडूआबा शाळेच्या फाटकाशी उभे होते. सोबत सामान लादलेलं घोडं. सर फाटकाशी, मी सरांच्या मागं. शीतल पॅड छातीशी धरून बाहेर आली.

"मास्तर," खंडूआबा म्हणाले, "आता तरी संपला का न्हाई खेळ?"

मार्च सरत आला होता आणि आता खोटं बोलायला जागा नव्हती. सरांनी मान खाली घातली आणि 'होय' म्हणायला तोंड उघडलं.

"न्हाई आबा," शीतल म्हणाली. "पुढच्या साली अकरावी. तिथं एकोणीसचा गट असतोय. त्यात माझी तारीख बसती. सरांनी लिवलेली, हीच."

खंडूआबा कितीतरी वेळ घोड्याची दोरी सारखी करत राहिले. मग म्हणाले, "सुट्टीत ये मग चार दिस. कोकरं वळखंनात तुला."

सर खाली बसले. फाटकाच्या दगडावर, सगळ्यांदेखत, डोक्याला हात लावून. सरांना बसलेलं पाहिलेला माणूस आमच्या शाळेत सापडणार नाही, असं मी वर लिहिलं ते चूक. मी पाहिलं आहे.

शीतल पास झाली, गणितात किती ते विचारू नये. पुढच्या वर्षी ती एकोणीसच्या गटात खेळली. या ग्रंथासाठी तिनं लेख कबूल केला आहे. अजून दिलेला नाही.

आणि माझं? मी अजून त्या दुपारच्या दाराआडच अडकलो आहे. तो एक आकडा मी बदलायला हवा होता असं मला आठवड्यातून चार दिवस वाटतं, उरलेले तीन दिवस सर बरोबर होते असं वाटतं. सर घरी आले की आमचं यावरून आजही वाजतं. चहा गार होतो, बायको आतून ओरडते. सर हरत नाहीत आणि मला हार मानवत नाही. सरांना उदंड आयुष्य लाभावं, गुडघे शाबूत राहावेत, चालणं कधी थांबू नये. त्यांनी असंच येत राहावं, खुर्ची असून उभं राहावं आणि मला चूक ठरवत राहावं. माझं अजून पटायचं बाकी आहे, आणि मला घाई नाही.