राक्षसाशी घासाघीस

मित्रानं शब्द देऊन मला फसवलं. आज टपरीवर करपलेल्या दुधाचा वास आला आणि मुकुंदवाडीतली त्याची खोली आठवली. तिथं आम्ही टेबलाभोवती बसून फासे टाकत राक्षसांच्या गोष्टी खेळायचो. त्यात माझा एक नियम होता: लढण्याआधी राक्षसाशी घासाघीस करायची, तोंडानं पटवला तर वाट मोकळी. त्याच खेळाचा त्यानं व्हिडिओ गेम केला. नियम ठेवीन म्हणाला होता. मी त्याच्या खोलीवर तो खेळायला बसलो, तर राक्षसापुढं हातात फक्त तलवार. “बोलायचं कुठाय?” “काढलं भाऊ. लई सोपं होत होतं, खेळाचा बॅलन्स बिघडायचा.” “सोपं? टेबलावर तुला एकदा तरी जमलं व्हय?” तो हसत राहिला, मागं शेगडीवरचं दूध उतू जाऊन करपलं. मी आजवर जे मिळवलं ते बोलूनच मिळवलं. तलवार काय, बटण दाबून कुणीही चालवतं. माझा नियम कुणाला विचारून काढलास, सांग.