चिमाजीचं काळं कापड

येवल्यात चिमाजीच्या घरी तीन पिढ्या पैठणीचा माग चालला, पण त्या घरातल्या एकाही बाईच्या अंगाला पैठणी लागली नव्हती. विणायची ती गिऱ्हाइकासाठी. चिमाजीची बायको अंबूबाई जन्मभर रेशीम नळ्यांवर गुंडाळून त्याला कांड्या भरून देत आली. एकदा तिच्या हातातली पोपटी कांडी बघून तो म्हणाला होता, या रंगाची एक तुझ्यासाठी विणीन. ती नुसती हसली होती.

पुढे पैठणीला मागणीच राहिली नाही. व्यापारी रेशीम देईनासे झाले, आळीतले माग एकेक करून गप्प झाले. ऐंशी साली नाशिकहून एक साहेब विणकर शोधत आले. सातपूरला त्यांचा नवा कारखाना होता. विमानाच्या भागांसाठी तिथे कार्बनच्या धाग्याचं कापड विणायचं होतं. परदेशातून येणारा तो काळा धागा ताणला तर लोखंडालाही हार जात नसे, पण जरा वाकडा वळला की काडीसारखा मोडे. यंत्रमागावर तो टिकेना, म्हणून हातमागावरचे लोक हवे होते. दोन वर्षं काढतो, मग येऊन तुझी पैठणी मागावर चढवतो, असं अंबूबाईला सांगून चिमाजी गेला.

दोनाची सहा वर्षं झाली. काम त्याला जमलं. हातमोजे घातले की धागा हाताला कळत नसे, म्हणून तो उघड्या हातांनी विणायचा. काळी कुसळं बोटांत शिरायची, वर कातडी धरायची. माणसं कमी असली की त्याला शेजारच्या खोलीत नेत. तिथे कापडाला चिकट रसायन लावून ते साच्यावर बसवत आणि भट्टीत भाजत. हाताचं रसायन काढायला एक उग्र वासाचं पाणी असे. त्यानं बोटं भेगाळली, मग निबर झाली. नांदगावचा गोटीराम त्याच्या खोलीत राहायचा. तो म्हणायचा, जरा तेल चोळत जा. चिमाजीला त्याचं काही वाटत नसे. काळ्या धाग्याला ती बोटं चालत होती.

शहाऐंशीच्या दिवाळीला तो घरी गेला तेव्हा अंबूबाई निम्मी झाली होती. पोटात गाठ होती. तुम्ही काम टाकून याल म्हणून कळवलं नाही, असं ती म्हणाली. नाशिकच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं.

चिमाजीनं रजा वाढवली, पोपटी रेशीम आणलं आणि माग लावायला घेतला. पहिल्याच दिवशी त्याला कळलं. रेशमाला बोट लागलं की ते अडकायचं, धाग्याला पिसं फुटायची. त्यानं बोटं दगडावर घासली, तुपात भिजवली, लिंबू चोळलं. परत बसला, परत तेच. तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तसाच बसून राहिला.

अंबूबाई भिंतीला धरून आली. "सरा तिकडं," ती म्हणाली. "बघून बघून मला समदं येतंय."

त्या घरात बाई कधी मागावर बसली नव्हती. ती बसली. चिमाजी शेजारी बसून कुठला धागा उचलायचा ते सांगत राहिला, पण फार सांगावं लागलं नाही. तिचा हात त्याच्यापेक्षा हलका होता. जमेल तेव्हा ती थोडं विणायची, दमली की त्याच्या खांद्यावर डोकं टेकायची. काठात पहिला मोर उमटला त्या दिवशी ती दुखणं विसरून शेजारणींना बोलावून दाखवत होती. इतकी खुश तिला त्यानं लग्नातही पाहिली नव्हती.

वीतभर कापड झालं आणि तिचं बसणं सुटलं. संक्रांतीच्या आधी ती गेली.

सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं. चिमाजीनं मागावरचं कापड कापलं आणि तिच्या अंगावर घालायला उचललं. ते त्याच्या बोटांना धरून बसलं. सोडवायला गेला तर मोराच्या जरीचे धागे उसवू लागले. तो भावजयीला म्हणाला, "वहिनी, तुम्ही घाला. माझ्या हातानं खराब होतंय." तिनं ते हळू सोडवून घेतलं आणि अंबूबाईच्या छातीवर पसरलं.

तेरावं उरकून तो सातपूरला परतला. आता दुसरं काही विणता येणार नव्हतं. गोटीरामनं चहा पुढे केला. तो घेत चिमाजी म्हणाला, "माझ्यापेक्षा चांगलं विणायची रे. तीस वर्षं मी तिला नुसत्या कांड्या भरायला लावल्या."

मग तो उठून कारखान्यातल्या मागावर गेला.