लाल गाल

लष्करातून निवृत्त झाल्यावर माझे वडील नाशिकच्या एका बँकेच्या दारावर पहाऱ्याला उभे राहायचे. तिथे स्वतःची बंदूक असलेलाच माणूस लागायचा. बाबांकडे रायफल होती, आणि तिच्या बाबतीत ते माझ्या स्थळांपेक्षाही जास्त चोखंदळ होते. महागडी, चकचकीत ती चांगली, असं कुणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं.

"दस्ता कोपरात टेकव. बोट चापापर्यंत नीट पोचलं पायजे. खांद्याला लावली की माशी आपोआप डोळ्यापुढं आली पायजे. मग ती तुझी," ते सांगायचे. माशी म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण. बाबा बुटके, म्हणून त्यांनी मागचा लाकडी दस्ता दोन बोटं आखूड करून घेतला होता.

दसऱ्याला इंदिरानगरच्या आमच्या घरी आई रायफल पाटावर ठेवून झेंडू वाहायची आणि दस्त्याच्या दोन्ही अंगांना ओलं कुंकू लावायची. पूजा झाली की बाबा ती रिकामी रायफल अंगणात खांद्याला लावून, दस्त्याला गाल टेकवून नेम धरायचे आणि उजवा गाल लाल करून घरात यायचे. "आली बघा नवरी," आई दरवर्षी हेच म्हणायची आणि आम्ही दरवर्षी हसायचो.

मी कॉलेजात असताना एका दसऱ्याला बाबांचा डावा गाल लाल होता.

मी हसले. आई हसली नाही. जेवणं संपत येईपर्यंत तिने कळ काढली, मग विचारलं, "उजव्या डोळ्याला काय झालंय तुमच्या?"

"कुठं काय?"

"मला नका शिकवू."

बाबा ताटातल्या पुरीचे तुकडे करत बसले. "माशी दिसत नाय," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतो, आता उपाय नाय. डाव्यानं जमवतोय."

"आणि काही घडलं तर? रांगेत बायामाणसं असतात."

"इतक्या वर्षांत एक गोळी झाडावी लागली नाय!" ते ओरडले आणि ताटावरून उठले. मला आईचाच राग आला. ती नोकरी गेली तर बाबांचं काय उरणार होतं?

दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःच मॅनेजरला सांगितलं आणि नोकरी सोडली.

रायफल विकायला काढली तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकाला त्यांनी दारातूनच परत पाठवलं, त्याचा हात लांब होता म्हणून. मग वणीकडचा एक निवृत्त जवान आला, बाबांएवढाच बुटका. बाबांनी दस्ता त्याच्या कोपरात टेकवून पाहिला. रायफल त्याच्या खांद्याला लावायला लावली आणि मागे उभं राहून विचारलं, "माशी दिसती का?"

"एकदम साफ."

"मग तुझीच हाय ती."

परवान्याचं सगळं रीतसर झालं. तो रायफल घेऊन निघाला तेव्हा बाबा फाटकापर्यंत गेले. तो वळणाशी पोचायच्या आत त्यांनी तळहाताने डावा डोळा झाकला, आणि अधू उजवा उघडा ठेवून तसेच रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.